जुन्या मशीनची रास्त किंमत

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बाबांचं मशीन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पाठीमागे बंद पडलं. होडीच्या मागच्या फळीला अडकवायच्या आउटबोर्ड मोटरीला मालवणात सगळे मशीनच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. बांगड्याची जाळी होडीत घेऊन झाली होती. ऊन चढलं तसा समुद्रावरून वारा सुटला आणि होडी खडकांकडे सरकू लागली. बाबा सदुसष्ट वर्षांचे. त्यांनी आणि माझ्या चुलतभावाने वल्ही मारून होडी खडकांपासून लांब ठेवली, तासाभराने ओळखीची एक होडी आली आणि तिने दोरी टाकून ओढत आणलं. घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. हाताचे तळवे सोलले होते ते त्यांनी आईला दाखवले, मला दाखवले नाहीत.

मिस्त्रींनी मशीन उघडलं तेव्हा वरच्या सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागतील अशा उभ्या रेषा होत्या आणि पिस्टनच्या बाजूचं अ‍ॅल्युमिनियम वितळून भिंतीला चिकटलं होतं. पाण्याची वाट मिठाने बुजली होती. एकोणीस वर्षांचं मशीन. बोअर, दोन्ही पिस्टन, बेअरिंगं आणि मजुरी धरून चाळीस हजारांच्या पुढे गेलं असतं आणि खालचा लेग, म्हणजे पाण्यात बुडणारा गिअर-पंख्याचा भाग, जुनाच राहिला असता. नव्याची चौकशी केली तर ९.९ एचपीच्या टू-स्ट्रोकचा आकडा दीड लाखाच्या वर ऐकला. माझ्याकडे साठ हजार होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, मे महिना मोकळा होता. १ जूनपासून मासेमारीची बंदी. बंदी उठेपर्यंत होडीला चालतं मशीन लागायला हवं होतं, म्हणून जुनं शोधायचं ठरलं.

फोर-स्ट्रोक घ्या, पेट्रोल कमी लागतं, असं दोघातिघांनी सांगितलं. ते खरं आहे. पण आमची होडी वाळूवर ओढली जाते आणि मशीन रोज काढून खांद्यावरून घरी येतं. पस्तीस-छत्तीस किलोचं टू-स्ट्रोक बाबा आणि चुलतभाऊ उचलतात. फोर-स्ट्रोक त्याहून जड, शिवाय आडवं ठेवताना कुठल्या कुशीवर ठेवायचं ते पाहावं लागतं, नाहीतर आतलं ऑईल नको तिथे जातं. बाबांना त्या वयात नवी सवय लावायची माझी इच्छा नव्हती.

पहिलं मशीन तारकर्लीच्या बाजूला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला होता, काळं चकचकीत, खाली लिहिलेलं, "९.९, कंडिशन एक नंबर, ६५,००० फिक्स". पर्यटकांना फिरवणाऱ्या एकाचं होतं. फोटो बघूनच मी मनातल्या मनात पाच हजार उसने कुणाकडून घ्यायचे ते ठरवून टाकलं होतं. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, रंगाक भुलू नकात. आधी हात लावन बघूया."

ते पोचल्या पोचल्या वरचं झाकण काढायला लावून सिलिंडरवर तळवा ठेवून उभे राहिले. मशीन कोमट होतं. मालक म्हणाला, तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवलं. मिस्त्री काही बोलले नाहीत. परत येताना त्यांनी मला समजावलं, ते आधी सांगतो. थंड मशीन पहिल्या-दुसऱ्या दोरीला कसं घेतं, त्यावरून कॉम्प्रेशन, कार्बोरेटर आणि स्पार्क या तिघांची तब्येत एका झटक्यात कळते. गरम मशीन जवळपास कुठलंही चालू होतं. विकणारा लबाडच असेल असं नाही, पाहुणे येणार म्हणून माणूस घर झाडतोच. पण आपली एक परीक्षा बुडाली हे लक्षात ठेवायचं आणि शक्य असेल तर फोन करून सांगायचं की आम्ही येईपर्यंत हात लावू नका.

झाकणाखाली सगळीकडे नवा काळा स्प्रे होता. बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा. बोल्टच्या डोक्यावर रंग बसलाय म्हणजे रंगाखाली मिठाची पांढरी पूड दडलेली असू शकते. मिस्त्रींनी एका बोल्टला नखाने खरवडलं, पापुद्रा निघाला, खाली पांढरं. सिलिंडर हेडच्या जवळ जुन्या रंगाला फोड आले होते आणि त्या फोडांवरूनच नवा रंग मारला होता. मी वाकून पाहिलं तर करपलेल्या पापडासारखा तो भाग दिसत होता. मशीन एकदा तरी तापून उठलं होतं.

मग प्लग काढून गेज लावला. हवा किती दाबली जाते ते पाहायचं म्हणजे दोन्ही प्लग बाहेर, प्लगच्या वायरी बॉडीला टेकवलेल्या, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण उघडा आणि दोरीचे चार-पाच सणसणीत ओढे. वरचा सिलिंडर १०८, खालचा ८२. आकडा थोडा कमी असला तरी चालतो, जुन्याला तेवढी सूट द्यायची; दोघांतला फरक मात्र चालत नाही. दहा टक्क्यांच्या आत असला तर ठीक. इथे एक सिलिंडर दुसऱ्याच्या पाऊणपटच जोर लावत होता. म्हणजे रिंग अडकलेली, नाहीतर भिंत ओरखडलेली. आमच्या घरात नुकतंच जे पाहिलं होतं त्याचीच सुरुवात.

त्यानंतर गिअर ऑईल. ही परीक्षा मला सगळ्यात आवडली, कारण तिला फक्त एक मोठा स्क्रू ड्रायव्हर लागतो आणि पाच मिनिटं. लेगच्या तळाला एक स्क्रू असतो आणि वर एक. खाली डबा धरून आधी तळाचा सैल करायचा. ऑईल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे रात्रभर उभ्या राहिलेल्या मशीनमध्ये पाणी असेल तर तेच आधी बाहेर येतं. तळाचा स्क्रू सुटला तसं चमचाभर स्वच्छ पाणी टपटपलं आणि मागून दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं ऑईल घसरत आलं. मालकाने ते पाहिलं आणि गप्प झाला. मिस्त्रींनी पंखा काढला. पंख्याच्या मागे शाफ्टला तंगुसाचं, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचं, कडं बसलं होतं, घट्ट, हिरवट, जणू कुणी मुद्दाम गुंडाळलंय. तंगूस फिरता फिरता सील कापतो आणि तिथून खारं पाणी आत जातं. सील शेदोनशेचं. पण ते पाणी किती महिने आत होतं, गिअरच्या दातांना आणि बेअरिंगांना किती गंज धरला, हे लेग उघडल्याशिवाय कळत नाही, आणि लेगचे गिअर बदलायचे झाले तर जुन्या मशीनची निम्मी किंमत तिथे जाते.

मिस्त्रींनी पंचवीस हजार सांगितले. मालक चिडला नाही, खचला. त्याने ते मागच्या वर्षी अठ्ठावन्नला घेतलं होतं, कुणीही न उघडता, फक्त आवाज ऐकून. मला त्याचं वाईट वाटलं. पण त्याने दिलेली चुकीची किंमत मी पुढे का चालवायची?

त्या रात्री मी मिस्त्रींना विचारलं की पंचवीस हा आकडा कुठून आला. मला वाटत होतं अनुभवी माणूस तोंडाला येईल ते सांगतो. तसं नव्हतं. त्यांचा हिशोब असा: त्याच जातीचं, त्याच ताकदीचं, पाच-सहा वर्षं वापरलेलं पण धड मशीन आज आपल्या किनाऱ्यावर कितीला जातं ते आधी धरायचं. ते त्यांच्या मते साठच्या आसपास. ते मशीन म्हणजे उद्या सकाळी लावून समुद्रात जाता येईल असं. मग समोरच्या मशीनला त्या अवस्थेला आणायला काय काय लागेल त्याची यादी करायची आणि ते पैसे वजा करायचे. यादीत जे दिसत नाही पण असू शकतं, त्याचंही काही धरायचं. वरच्या डोक्याला, म्हणजे सिलिंडर-पिस्टनला, पंधरा, लेगला पंधरा, पाण्याच्या पंपाला आणि किरकोळीला पाच. उरले पंचवीस. वर्ष, एचपी, कंपनी ही धड मशीनची किंमत ठरवताना बघायची. घासाघीस त्याच्या नंतर.

मी शाळेत वजाबाकी शिकवतो, पण ही वजाबाकी मला कुणी शिकवली नव्हती.

त्याच हिशोबाने मग ऐकलेल्या सगळ्या किमती वेगळ्या दिसू लागल्या. दोरीने चालू होणाऱ्या, हातदांड्याच्या मशीनला किती तास चाललं ते दाखवणारं मीटर सहसा नसतं, म्हणून वर्षं मोजण्यापेक्षा काम विचारायचं. जाळ्याच्या होडीवर मशीन रोज दीड-दोन तास चालतं, बहुतेक वेळ अर्ध्या अ‍ॅक्सिलेटरवर. दोनशे दिवस धरले तरी वर्षाला तीन-चारशे तास. पर्यटकांच्या होडीवर चालू-बंद, चालू-बंद आणि मध्ये पूर्ण वेग. आणि दोन्हीपेक्षा मोठा प्रश्न म्हणजे संध्याकाळी गोडं पाणी दाखवलं का. खाऱ्या पाण्यातून आल्यावर पिंपात दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवलेलं दहा वर्षांचं मशीन, कधीच न धुतलेल्या चार वर्षांच्या मशीनपेक्षा चांगलं निघू शकतं.

मधल्या आठवड्यात गोव्यात एका जुन्या मशीनच्या गोडाऊनलाही जाऊन आलो. तिथलं फारसं सांगण्यासारखं नाही. एक इव्हिनरूड फार स्वस्त होतं आणि सुंदर होतं. ओल इव्हिनरूडने १९०९ मध्ये ज्या मोटरी विकायला सुरुवात केली त्यांचंच नाव, पण २०२० मध्ये त्यांचं उत्पादन थांबलं. वेंगुर्ल्याला किंवा मालवणात रविवारी इम्पेलर, म्हणजे थंडाव्याचं पाणी खेचणारं रबरी चक्र, फाटला तर सोमवारी मिळायला हवा. यामाहा-सुझुकीचा मिळतो. न मिळणाऱ्या पार्टचे पैसेही यादीत वजा करायचे असतात, हे मिस्त्रींच्या आधी माझ्या ध्यानात आलं याचा मला आनंद झाला. तिथेच एका मशीनच्या क्लॅम्पवरची नंबरप्लेट उचकटलेली होती, रिबिटांची भोकं तेवढी उरली होती. ते कितीला आहे हेही आम्ही विचारलं नाही.

आचऱ्याचं मशीन मला बाबांनी सांगितलं. खाडीकाठी त्यांचे एक जुने ओळखीचे मच्छीमार होते, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची बायको, आमच्या काकी, एकट्याच राहतात, मुलगा मुंबईला. मशीन पडवीत पडून आहे, जाम झालंय, भंगारात काढायचं म्हणतायत. बाबांना पार्टसाठी पाहायचं होतं. मी आणि मिस्त्री रविवारी त्यांच्याबरोबर गेलो.

मशीन पडवीत लाकडी घोडीवर उभं अडकवलेलं होतं, वरून जुनी गोधडी. काकी म्हणाल्या, "जाम झाला हा. दोरीच येणा नाय. भंगारवालो धा देतंय म्हणता. तुमी बारा दिया नि घेवन जावा." मुलगा गणपतीत आला तेव्हा त्याने दोरी ओढून पाहिली होती. दगडासारखी. त्याने जाम ठरवलं, आणि मशीन जाम म्हणजे संपलं हे सगळ्यांनाच माहीत.

मी गोधडी काढली. रंग उडालेला, कंपनीचं स्टिकर निम्मं गेलेलं, प्लेटवर नंबर स्वच्छ वाचता येत होता, २०१४ चं. मिस्त्रींनी दोरी ओढली. हललीच नाही. गिअर न्यूट्रलला आहे ना ते पाहिलं, पुढे-मागे केलं, परत ओढली. नाही. मग ते वळले आणि भिंतीकडे बघत राहिले.

भिंतीवर घोडीच्या मागे कोळशाने लिहिलेलं होतं. "गि. ऑ." आणि तारीख. खाली परत "गि. ऑ." आणि तारीख. मध्ये कुठेतरी "इम्पेलर", कुठे "झिंक", म्हणजे मशीनचा गंज स्वतःवर घेणारी जस्ताची वडी. चुन्याचा हात मारताना तेवढा चौकोन सोडलेला दिसत होता. मी मोजल्या, गिअर ऑईलच्या नोंदी अठरा होत्या, साधारण दर सहा महिन्यांनी. शेवटची ओळ होती, "पेट्रोल जाळून खाली केलं". तिच्या पुढे तारीख होती, काकी म्हणाल्या त्यानंतर पंधरा दिवसांनी नवऱ्याला कोल्हापूरला नेलं.

मिस्त्रींनी पिशवीतून पाना काढला आणि दोरीची वरची टोपी, तीन बोल्ट, सोडवून बाजूला ठेवली. खालचं फ्लायव्हील उघडं झालं. त्यांनी प्लग काढले, भोकांतून चमचा-चमचा टू-स्ट्रोक ऑईल सोडलं आणि आम्ही चहा घेतला. ती पंधरा मिनिटं कुणी मशीनचं नाव काढलं नाही. मग त्यांनी फ्लायव्हीलवर दोन्ही तळवे ठेवले आणि दरवाजाची मूठ फिरवावी इतक्या हलक्या हाताने फिरवलं. ते फिरलं. पूर्ण. परत फिरवलं, प्लगच्या भोकांतून ऑईलचा फुसकारा आला.

मशीन जाम नव्हतं. जाम होती ती कुलुपाची केबल. गिअरमध्ये असताना मशीन अचानक सुरू होऊन होडी उडू नये म्हणून दोरीला एक अडसर असतो. गिअर न्यूट्रलला आणला की बारीक केबल तो अडसर ओढून घेते. दोन पावसाळे पडवीत उभं राहून ती केबल नळीत गंजली होती, त्यामुळे गिअर कुठेही असला तरी अडसर बाहेरच. दोनतीनशे रुपयांचा पार्ट.

माझ्या डोक्यात आकडे फिरू लागले हे लपवत नाही. बारा हजार. काकी घरात होत्या. मिस्त्री मान खाली घालून टोपीशी काहीतरी करत होते, हा निर्णय माझा होता हे त्यांना कळत होतं. बाबा पडवीच्या कठड्यावर बसले होते. त्यांनी आवाज न चढवता दोनच शब्द सांगितले, "सांग तिका."

मी काकींना बाहेर बोलावून फ्लायव्हील फिरवून दाखवलं. त्यांना आधी ते पटेना. मग त्यांनी स्वतः हात लावून फिरवलं.

त्यानंतर जे झालं तेही सांगायला हवं, कारण खरं सांगितलं की व्यवहार सोपा होतो असं नाही. काकींचे दीर आले आणि त्यांना संशय आला की बारा मागितल्यावर हा माणूस जास्त का देतोय, यात काहीतरी आहे. मुलाला फोन लावला. मशीन चांगलं आहे म्हटल्यावर त्याने पंचेचाळीस सांगितले, मुंबईत कुणीही देईल म्हणाला. मला राग आला, पण घटकाभरच. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. बापाची वस्तू, आणि पलीकडे फोनवर एक अनोळखी माणूस.

मी म्हटलं, आज किंमत नको ठरवूया, आधी सगळं तपासूया, काय निघेल ते तुम्हीही बघा. मिस्त्रींनी फ्लायव्हीलच्या खाचेत दोरी गुंडाळून ओढे दिले, गेजवर ११८ आणि ११४. दिरांनी स्वतः आकडा वाचला. तळाचा स्क्रू सोडला तर मधासारखं ऑईल संथ खाली आलं, पाणी नाही. स्क्रूच्या टोकाला काळी मऊ पूड होती, बोटांत चोळली तर खरखर नाही. गिअर झिजतात तेव्हा एवढी पूड असतेच, तुकडे असले तर घाबरायचं. पंखा धरून शाफ्ट वर-खाली हलवला, खेळ नाही. पंख्याच्या आतलं रबर सुटलंय का पाहिलं. लेगच्या खालचा कल्ला एका बाजूला खडकाने तुटला होता, त्याने फारसं बिघडत नाही. झिंक अर्धं खाल्लेलं होतं, म्हणजे ते आपलं काम करत होतं. जुन्या मशीनवर झिंक कोरं करकरीत दिसलं तर उलट चौकशी करावी. लेगची लांबी मोजली, पंधरा इंच, आमच्या होडीच्या फळीला बसणारी. बरीच माणसं हे मोजायला विसरतात आणि वीस इंची मशीन घरी आणून फळी वाढवत बसतात.

पिंप भरून आणलं, पाणी लेगवरच्या आडव्या पट्टीच्या वर येईल इतकं. आमच्या कॅनमध्ये ताजं मिश्रण होतं, लिटरला वीस मिली ऑईल. सहाव्या ओढ्याला मशीन लागलं, पडवीत पांढरा धूर भरला, आणि काकी एकदम पुढे आल्या. त्या मशीनकडे बघत नव्हत्या, मागच्या छोट्या भोकाकडे बघत होत्या. "पाणी मारणा नाय," म्हणाल्या. मिस्त्रींनी तत्काळ बंद केलं. थंडाव्याचं पाणी आत फिरून त्या भोकातून धारेने बाहेर पडायला हवं, ती धार नसेल तर मशीन काही मिनिटांत तापतं. भोकात तार घातली तर माती आली. कुंभारमाशीने तिथे घर केलं होतं. ते काढून परत चालू केलं, आधी चिखलाचं पाणी थुंकलं, मग धार लागली, पडवीच्या पायरीपर्यंत. काकींनी धारेखाली बोटं धरली. "ऊन लागता, पण पोळणा नाय," म्हणाल्या. नवरा आला की मशीन धुताना पाण्याचा हंडा त्याच ओतायच्या, त्यांना सगळं ठाऊक होतं. इतका वेळ त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग तिथेच कागदावर हिशोब मांडला, मुलगा फोनवर. धड मशीन साठ. हे अकरा वर्षांचं, म्हणून पन्नास. इम्पेलर आणि पंपाची किट, लेगची सगळी सीलं, थर्मोस्टॅट, प्लग, कार्बोरेटर उघडून साफ, दोरी आणि केबल, मजुरीसह नऊ हजार. पेट्रोलची नळी आणि डायफ्रॅम वेगळे, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. ते दीड हजार. राहिले साडेएकोणचाळीस. आणि एक गोष्ट आम्हा दोघांनाही कळण्यासारखी नव्हती. पिंपात मशीनवर भार नसतो. भरल्या होडीत, लाटेवर, पूर्ण वेगात गिअर सुटतो का, अर्ध्या तासाने मशीन बसतं का, हे समुद्रात गेल्यावरच समजतं, आणि बंदीत ते करता येत नव्हतं. त्या धोक्याचे मी साडेतीन हजार धरले. छत्तीस.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, धोक्याचे पैसे आम्हीच का सोसायचे? प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, मग असं करूया, एकतीस आज, पाच हजार मशीन महिनाभर भाराखाली नीट चाललं की. नाही चाललं तर त्या पाचात दुरुस्ती. त्याने विचारलं, आणि तुम्ही दिलेच नाहीत तर? बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि आपलं नाव, वाडी आणि त्याच्या वडिलांबरोबर किती वर्षं जाळी टाकली ते सांगितलं. सौदा झाला.

कागद मीच लिहिला. मशीनचा नंबर, कंपनी, एचपी, दोन्ही हप्ते, काकींची सही, मुलाची संमती दोन दिवसांनी सही करून पोस्टाने आली. माणूस गेल्यावर त्याच्या नावावरची वस्तू घेताना वारसांच्या सह्या घ्याव्यात, पुढे होडीच्या कागदांवर मशीनचा नंबर चढवताना प्रश्न येत नाही. अनुदानातून घेतलेलं आहे का हेही विचारून घेतलं, कारण तसं असेल तर विक्रीला अटी असतात. नव्हतं. जुनी पावती काकींनी तांदळाच्या डब्यातून काढून दिली.

दुरुस्तीला अंदाजापेक्षा अठराशे जास्त लागले. लेग उतरवताना दोन बोल्ट मिठाने धरले होते, तापवून सोडवावे लागले, एक तुटला आणि ड्रिल करून काढला. इम्पेलरची एक पाकळी गेली होती. तिचा तुकडा पाण्याच्या वाटेत शोधायला मिस्त्रींनी अख्खी दुपार घालवली आणि तो सापडेपर्यंत मशीन जुळवलं नाही. तो तुकडा तसाच राहिला असता तर किल्ल्यामागची गोष्ट परत घडली असती.

बंदी उठल्यावर पहिले तीन दिवस बाबांना मी किनाऱ्याच्या नजरेबाहेर जाऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी ते न विचारता गेले. पहाटेचा मतलई वारा घेऊन बाहेर आणि अकराच्या आत परत, पूर्ण जाळी होडीत. गिअर एकदाही सुटला नाही. दहा फेऱ्यांनी ऑईल काढून पाहिलं, रंग तसाच. टिल्टची पिन अजून अडकते, तिला ग्रीस मारत राहावं लागतं.

सप्टेंबरमध्ये गणपतीची सुट्टी संपायच्या आत मी पाच हजार घेऊन आचऱ्याला गेलो. मुलगा परत मुंबईला गेला होता. घोडी पडवीत तशीच होती, तिच्यावर आता वाळत घातलेली कुळदाची पोती. काकींनी नोटा न मोजता पदराला बांधल्या, आणि चहा ठेवायला आत जाताना दारातून वळून विचारलं,

"पाणी मारता मा बरा?"

"मारता, काकी. पायरीपर्यंत."